एन्ट्री कोड, टीएससी आणि बुटीबोरीची दुपार : एका कर्नल बदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपूरच्या आयटी पार्क परिसरातली ही एक छोटी कंपनी. बुटीबोरी आणि हिंगणा इथल्या कारखान्यांत वीजमीटर आणि सेन्सर यांची मोजमापं गोळा करणारी पेटी ती बनवते. पेटीत हॅसवेल पिढीचा इंटेल प्रोसेसर आहे, त्यावर कंपनीने स्वतः बांधलेला लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चालतो आणि वर एकच महत्त्वाचा प्रोग्राम, म्हणजे कलेक्टर. शेकडो मीटरांकडून येणारी छोटी यूडीपी पाकिटं घ्यायची, प्रत्येकावर वेळ टाकायची, तपासून नोंदवहीत लिहायची, एवढंच त्याचं काम. पाकिटं लहान आणि संख्येने भरपूर, त्यामुळे कलेक्टर सतत कर्नलचं दार ठोठावत असतो. अशा प्रत्येक मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि ती आत घेणारा कर्नलचा पहिला कोड म्हणजे एन्ट्री कोड.

अनेक वर्षं या पेट्या ४.९ कर्नलवर चालल्या. तो २०१८ च्या आधी बांधलेला होता आणि नंतर त्याला हात लागला नव्हता. सुरक्षा तपासणीत ग्राहकाने यावर बोट ठेवलं, तेव्हा चमूने ५.१५ मालिकेच्या सुरुवातीच्या एका आवृत्तीवर उडी घेतली. त्याच तपासणीच्या अटीनुसार ऑडिट, म्हणजे कोणत्या प्रोग्रामने काय केलं याची नोंद ठेवणारी यंत्रणाही चालू केली. कर्नलमधल्या बदलांचा आढावा घेण्यासाठी मी या चमूबरोबर होतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अडचण

नवा कर्नल बसवल्यावर काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. पाकिटं गळत होती. प्रोसेसरचा बराच वेळ वापरकर्त्याच्या बाजूला न जाता कर्नलच्या बाजूला जात होता. जुन्या कर्नलवर तीच पेटी तेवढाच भार आरामात ओढत होती.

प्रयोगशाळेत कृत्रिम भार टाकून परफ हे वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन चालवलं, तर वरच्या ओळींत सिस्टिम कॉलच्या एन्ट्री आणि परतीच्या कोडची नावं आली. चमूचा निष्कर्ष जवळपास तिथेच ठरला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटींनंतर एन्ट्री कोड जड झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पुरावाही समोर होता. मग तोच कोड हलका करायचा, असं ठरायला लागलं.

एन्ट्री कोडमध्ये नेमकं काय घडतं

पुढचे निर्णय समजायला हा भाग लागतो.

६४-बिट इंटेल प्रोसेसरवर प्रोग्राम 'सिसकॉल' इन्स्ट्रक्शन देतो, तेव्हा हार्डवेअर फार थोडं काम करतं. परतीचा पत्ता आरसीएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) ठेवतं, फ्लॅग आर११ मध्ये ठेवतं आणि एमएसआर नावाच्या एका ठरलेल्या नियंत्रण-रजिस्टरमधल्या पत्त्यावर उडी मारतं. स्टॅक, म्हणजे तात्पुरती माहिती ठेवायची जागा, बदलत नाही. म्हणजे कर्नलची पहिली काही इन्स्ट्रक्शन अक्षरशः वापरकर्त्याच्या स्टॅकवर उभं राहून चालतात. स्वॅपजीएस इन्स्ट्रक्शनने त्या सीपीयूची स्वतःची माहिती गाठायची, पेज टेबल (मेमरीचा नकाशा) बदलायचं, स्टॅक बदलायचा आणि मगच रजिस्टर जपून ठेवायची. हा क्रम चुकला तर यंत्र तिथल्या तिथे कोसळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे कोसळत नाही आणि भगदाड मागे ठेवून जातं.

४.९ मध्ये या वाटेत असेंब्लीत लिहिलेली एक वेगळी फास्ट पाथ, म्हणजे जवळची वाट, होती. ट्रेसिंग, ऑडिट असं काही चालू नसेल तर सहा रजिस्टर (आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५) स्टॅकवर न ढकलता थेट सिस्टिम कॉलच्या टेबलातल्या फंक्शनवर जायचं आणि सिसरेट या परतीच्या इन्स्ट्रक्शनने परत यायचं. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन जाहीर झालं. कर्नल आणि वापरकर्ता यांची पेज टेबलं वेगळी झाली, त्यामुळे प्रत्येक प्रवेशाला आणि परतीला सीआर३, म्हणजे चालू पेज टेबल दाखवणारं रजिस्टर, नव्याने लिहिणं आलं. स्पेक्टरमुळे टेबलातून होणारी अप्रत्यक्ष उडी रेटपोलिन या सुरक्षित पण महागड्या वळणातून जाऊ लागली. त्याच महिन्यात कर्नलचे एक विकसक अँडी लुटोमिरस्की यांनी फास्ट पाथ काढून टाकणारा बदल दिला आणि तो ४.१६ मध्ये आला. रेटपोलिनच्या खर्चापुढे फास्ट पाथची बचत क्षुल्लक झाली होती. पुढे ४.१७ पासून सिस्टिम कॉलची फंक्शन रजिस्टरांची जपलेली चौकटच घेऊ लागली आणि सी भाषेत लिहिलेली एकच वाट उरली.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बूट पॅरामीटरने पेज टेबलांची विभागणी बंद करण्याचा होता. एका ओळीचं काम. 'पेटीवर आपलाच प्रोग्राम चालतो, परका कोड कुठून येणार?' हा युक्तिवाद पहिल्यांदा पटण्यासारखाच वाटतो. पण यादी काढल्यावर कळलं की काही मीटरांच्या प्रोटोकॉलसाठी बाहेरच्या पुरवठादाराची बायनरी पेटीत चालते आणि तिचा सोर्स चमूकडे नाही. परका कोड होता, फक्त कुणाच्या लक्षात नव्हता. पर्याय बाद झाला, आणि माझ्या मते योग्यच झालं. शिवाय प्रोसेसरमध्ये पीसीआयडी आणि इन्व्हपीसीआयडी या पेज टेबलांना ओळखक्रमांक देणाऱ्या दोन्ही सोयी असल्याने सीआर३ लिहिताना टीएलबी (पत्त्यांचा झटपट साठा) दर वेळी रिकामा होत नव्हता. या संरक्षणाची जेवढी धास्ती घेतली होती, तेवढी किंमत ते इथे मागत नव्हतं.

दुसरा पर्याय ४.९ मधली फास्ट पाथ ५.१५ वर परत आणण्याचा. चमूतल्या सर्वांत हुशार अभियंत्याला हा हवा होता. तिसरा, प्रत्येक कॉलला होणारं जादा काम, मुख्यतः ऑडिट, कमी करणं. चौथा, कॉलची संख्याच कमी करणं. पाचवा नवं हार्डवेअर घेण्याचा. आधीच बसवलेल्या पेट्यांचा खर्च पाहता तो चर्चेत टिकला नाही.

पहिला निर्णय : फास्ट पाथ परत आणायची का?

ठरलं असं की एका वेगळ्या शाखेत करून बघायचं आणि आकडे बोलतील ते मान्य करायचं. मला हे पटलं. अशा बाबतीत नुसत्या वादाने कुणाचं समाधान होत नाही.

कोड लिहून झाला, गेटपीपीआयडी सारख्या रिकाम्या कॉलवर मोजमाप झालं. फरक दिसला, पण फार थोडा. कारण शोधायला वेळ लागला नाही. जुन्या फास्ट पाथची मुख्य बचत सहा रजिस्टर न ढकलण्याची होती. आता फंक्शनलाच पूर्ण चौकट लागते आणि स्पेक्टरनंतर एन्ट्रीला रजिस्टर जपून झाल्यावर शून्यही करावी लागतात, म्हणजे ती बचत गेली. उरलेला मोठा खर्च सीआर३ आणि रेटपोलिनचा. तो दोन्ही वाटांना सारखाच लागतो. खऱ्या कलेक्टरवर तर फरक मोजमापाच्या चढउतारात हरवून गेला.

परफने आधी जे चित्र दाखवलं होतं, त्याचाही उलगडा इथे झाला. नमुना घेताना जड इन्स्ट्रक्शनचा खर्च बहुधा तिच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनच्या नावावर पडतो. स्वॅपजीएस आणि सीआर३ लिहिण्याच्या शेजारच्या साध्या ओळी म्हणून महाग दिसत होत्या. त्या ओळी काढून काहीच वाचणार नव्हतं.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर निघाली. वापरकर्त्याकडे परतण्याआधी कर्नलला 'सिग्नल प्रलंबित आहे का, शेड्यूलरला बोलवायचं आहे का' हे फ्लॅग तपासावे लागतात, आणि ही तपासणी इंटरप्ट (हार्डवेअरचे मध्येच येणारे इशारे) बंद केल्यानंतरच व्हायला हवी. आधी तपासून मग इंटरप्ट बंद केले, तर मधल्या फटीत आलेला सिग्नल निसटतो आणि पुढच्या टाइमर इंटरप्टपर्यंत लटकून राहतो. शाखेतल्या कोडमध्ये हा क्रम उलटा लागला होता. आढाव्यात तो सापडला, पण एकाही चाचणीने तो पकडला नव्हता. सिसरेटचा इतिहासही याच जातीचा आहे. परतीचा पत्ता अवैध असेल तर इंटेल प्रोसेसरवर सिसरेटचा अपवाद कर्नलच्या अधिकारात उठतो, आणि तेव्हा स्टॅक वापरकर्त्याचा असतो. २०१२ मध्ये सीव्हीई-२०१२-०२१७ या त्रुटी-क्रमांकाने हे गाजलं. फ्रीबीएसडी, झेन आणि विंडोज यांना त्याचा फटका बसला. लिनक्सने हीच गोष्ट २००६ मध्येच हाताळली होती. आजच्या कोडमध्ये परतीचा पत्ता, फ्लॅग आणि सेगमेंट जुळतात का हे पाहूनच सिसरेट वापरतात. शंका आली की हळू असलेलं आयरेट.

चार-पाच माणसांच्या चमूने असा कोड स्वतःच्या शाखेत सांभाळायचा आणि दर सुरक्षा पॅचबरोबर नव्याने जुळवायचा, हे न परवडणारं होतं. शाखा बंद झाली. अभियंत्याला वाईट वाटलं, ते दिसलंही. पण त्याच्या प्रयोगानेच सिद्ध झालं की दुखणं एन्ट्री कोडच्या ओळींत नाही, आणि ते सिद्ध होणं गरजेचं होतं.

दुसरा निर्णय : प्रयोगशाळा सोडून साइटवर जायचं

तोवर एक प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून सुटला होता. तीच पेटी, तोच कर्नल आणि तोच भार असताना बुटीबोरीतली पेटी प्रयोगशाळेतल्या पेटीपेक्षा इतकी मंद का? सगळ्यांनी ते नेटवर्कच्या खात्यावर टाकलं होतं.

धागा मिळाला तो साइटवरच्या तंत्रज्ञाकडून. चमूतल्या धाकट्या अभियंतीने फोनवर सहज विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, सकाळून बरोबर चालते. दुपार झाली का सुस्त होते, अन् मंग बंद-चालू केल्याशिवाय काही होत नाही. मी तं रोज संध्याकाळी रिबूट मारून देतो." रोजच्या रिबूटची ही गोष्ट कुठल्याही तक्रारीत नोंदलेली नव्हती.

मे महिना होता. नागपुरात पारा ४५ अंशांवर जाणं या दिवसांत नेहमीचं. पेटी पत्र्याच्या केबिनमध्ये, प्रयोगशाळा एसीत. पण प्रोसेसर तापून वेग कमी करत असता तर केबिन निवल्यावर पेटी आपोआप सावरली असती. ही पेटी रिबूटशिवाय सावरत नव्हती. याचा अर्थ दुपारी कर्नलची कुठलीतरी स्थिती बदलत होती आणि बदललेलीच राहत होती. अभियंतीने नेमकं हेच पकडलं आणि साइटला जाण्याचा हट्ट धरला. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय मी हाच मानतो.

साइटवर एस-ट्रेसने कॉल मोजले. एस-ट्रेस प्रोग्रामला फार मंदावतो, त्यामुळे वेळेसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही, संख्येसाठी येतं. यादीत सर्वांत वर होता क्लॉक-गेटटाइम. तो तिथे असायलाच नको होता. वेळ विचारण्याचा हा कॉल व्हीडीएसओमधून (कर्नलने प्रोग्रामच्या हाती दिलेल्या छोट्या कोडमधून) वापरकर्त्याच्या बाजूलाच उरकतो, कर्नलमध्ये जातच नाही. अट एकच : कर्नलचं घड्याळ टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधलाच मोजक, असलं पाहिजे. घड्याळ एचपीईटी, म्हणजे चिपसेटमधला टाइमर, झालं तर प्रत्येक विचारणा खरा सिस्टिम कॉल बनते. टीएससी वाचायला प्रोसेसरची काही दहा चक्रं लागतात; एचपीईटी वाचायला चिपसेटपर्यंत जावं लागतं आणि त्यात मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जातो. कलेक्टर तर प्रत्येक पाकिटामागे एकाहून जास्त वेळा घड्याळ विचारत होता.

चालू घड्याळ कोणतं हे सिसएफएसमधल्या एका फाइलमध्ये दिसतं. तिथे एचपीईटी होतं. कर्नलच्या लॉगमध्ये दुपारी नोंद होती की वॉचडॉगने, म्हणजे घड्याळावर पहारा देणाऱ्या कर्नलच्या कोडने, टीएससी अस्थिर ठरवला. एकदा तसा शिक्का बसला की रिबूटपर्यंत पुसला जात नाही.

मूळ कारण

कर्नल दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना दुसऱ्या घड्याळाशी करतो. ४.९ मध्ये या तुलनेची सहनशीलता ऐसपैस होती, सेकंदाचा सोळावा भाग, म्हणजे ६२.५ मिलिसेकंद. ५.१५ पर्यंत ती मायक्रोसेकंदांत आली. शिवाय एचपीईटी वाचायलाच फार वेळ लागला आणि काही प्रयत्नांनंतरही सुधारणा झाली नाही, तर त्या सुरुवातीच्या आवृत्तीत टीएससीवरच ठपका यायचा.

मग हा उशीर कुठून येत होता? केबिन तापली की पेटीचं बायोस एसएमआयच्या मार्गाने तापमान आणि पंखा सांभाळत होतं. एसएमआय म्हणजे फर्मवेअरने प्रोसेसर काही काळ स्वतःकडे ओढून घेणं. कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. टर्बोस्टॅटमध्ये एसएमआयची मोजणी दिसते. दुपारी ती चढत गेली. कर्नलच्या एचडब्ल्यूलॅट ट्रेसरनेही त्याच वेळी खंड दाखवले. प्रयोगशाळेत पेटीचं झाकण बंद करून तिच्यावर गरम हवा सोडली, तेव्हा हाच प्रकार तिथेही घडला. टीएससी निर्दोष होता, साक्षीदाराला, म्हणजे एचपीईटीच्या वाचनाला, उशीर होत होता.

कर्नल बदलताना तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या : एन्ट्रीचा खर्च, वॉचडॉगची कडक मर्यादा आणि ऑडिट. पहिली सर्वांना माहीत होती, म्हणून आळ तिच्यावर आला.

केलेले बदल

घड्याळाबाबत दोन मार्ग होते. बूट पॅरामीटर देऊन टीएससी विश्वासार्ह आहे असं कर्नलला सांगायचं आणि वॉचडॉग बंद करायचा, किंवा मूळ लिनक्समध्ये नंतर आलेले बदल आपल्या ५.१५ मध्ये आणायचे. ज्या यंत्रांत टीएससी एकसमान वेगाने चालतो, झोपेतही थांबत नाही आणि टीएससी-अ‍ॅडजस्ट रजिस्टर आहे, तिथे नंतरचे कर्नल वॉचडॉग लावत नाहीत. त्याऐवजी दर १० मिनिटांनी ते रजिस्टर कुणी बदललं का एवढं तपासत राहतात. हॅसवेलमध्ये ही सगळी लक्षणं आहेत. चमूने दुसरा मार्ग घेतला. पॅरामीटरने काम लवकर झालं असतं, पण त्याने पहारा पूर्णच उठतो आणि या पेटीतल्या नोंदींवर विजेचे हिशोब चालतात. बदलानंतर क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये घड्याळाचा सरक ऐन उन्हाच्या दिवसांत पाहिला. तो स्थिर होता.

मग कॉलची संख्या. एका पाकिटाला एक रेकव्ह-फ्रॉम कॉल याऐवजी रेकव्ह-एमएमएसजी कॉलने गठ्ठा घ्यायचा. इथे एक जुना खड्डा आहे, त्यापासून सावध राहावं. या कॉलचा टाइमआउट फक्त पाकीट आल्यावरच तपासला जातो. गठ्ठा अर्धवट भरला आणि पुढचं पाकीटच आलं नाही, तर टाइमआउट उलटूनही कॉल अडकून राहतो. म्हणून पहिल्या पाकिटाची वाट पाहून पुढे असतील तेवढीच उचलणारा फ्लॅग वापरला. गठ्ठ्यामुळे प्रत्येक पाकिटाची खरी वेळ हरवू नये यासाठी सॉकेटवर कर्नलचाच टाइमस्टॅम्प मागितला. तो पाकिटाबरोबर येतो, घड्याळासाठी वेगळा कॉल लागत नाही.

नोंदवहीत लिहिणंही गठ्ठ्याने करायचं ठरलं आणि इथे मात्र वाद झाला. वीज गेली तर गठ्ठ्यातल्या नोंदी जातात, आणि औद्योगिक वसाहतीत वीज जाते. प्रयोगशाळेतल्या लोकांना मोठा गठ्ठा हवा होता, साइटवर जाणाऱ्यांना छोटा. शेवटी संख्येची मर्यादा न ठेवता वेळेची ठेवली : मीटरची पुढची फेरी येण्याआधी गठ्ठा डिस्कवर गेलाच पाहिजे. म्हणजे वीज गेलीच तर जास्तीत जास्त एक फेरी जाईल, आणि ती मीटरकडे परत मागता येते.

ऑडिटचं काय झालं

ऑडिट एकदा चालू झालं की, एकही नियम लावलेला नसला तरी, नव्याने जन्मलेल्या प्रत्येक प्रक्रियेचा प्रत्येक सिस्टिम कॉल लांबच्या वाटेने जातो. विशिष्ट वापरकर्त्याच्या प्रक्रियांना यातून वगळता येतं, पण ती तपासणी प्रक्रिया जन्मते त्या क्षणीच होते आणि तेव्हा तिचा वापरकर्ता क्रमांक पालक प्रक्रियेचाच, म्हणजे रूटचा असतो. परिणामी कलेक्टरची मुख्य प्रक्रिया ऑडिटमध्येच राहते, वापरकर्ता बदलल्यानंतर तिने जन्माला घातलेले कामकरी थ्रेड तेवढे सुटतात. चमूच्या दृष्टीने हे सोयीचं होतं, कारण फाइल उघडणं मुख्य प्रक्रियेतच होतं.

ग्राहकाच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी या सवलतीला नकार दिला. बाहेरून येणारी पाकिटं हेच थ्रेड वाचतात. घुसखोरी झाली तर इथूनच होणार, आणि नेमक्या त्याच जागी नोंद बंद ठेवायची? त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. ऑडिट जसंच्या तसं राहिलं.

निष्पत्ती

दुपारची सुस्ती गेली आणि रोजचा रिबूट बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यातही टीएससी टिकला. पाकिटं गळणं थांबलं. कर्नलच्या बाजूला जाणारा वेळ सर्वांत जास्त घटला तो घड्याळाच्या दुरुस्तीने, त्याखालोखाल गठ्ठ्याने. ऑडिटचा खर्च प्रत्येक कॉलला आजही लागतो. कॉलच कमी झाल्याने तो सोसवतो. एन्ट्री कोडची एकही ओळ बदलली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कर्नल बदलाच्या आधी आणि नंतर साइटवरच्या एका पेटीचं मोजमाप हवं होतं. परफ पेटीच्या इमेजमध्येच नव्हतं, म्हणून सगळं निदान प्रयोगशाळेवर उभं राहिलं. आता मोजमापाची साधनं आणि चालू घड्याळाचं नाव दाखवणारी तपासणी प्रत्येक इमेजमध्ये असते. घड्याळ बदललं की लगेच इशारा येतो.

तीन मोठे बदल एकत्र नेण्याऐवजी ऑडिट वेगळ्या टप्प्यात न्यायला हवं होतं. ग्राहकाची मुदत आड आली हे खरं, पण दोन पेट्यांवर तरी ते आधी चालवता आलं असतं. सुरक्षा अधिकाऱ्यांशी बोलणंही शेवटी झालं. ते सुरुवातीला झालं असतं तर कामकरी थ्रेडना सेकॉम्पने (ठरावीक कॉलच करू देणाऱ्या कर्नलच्या सोयीने) बांधायचं आणि त्या बदल्यात ऑडिट सैल करायचं, अशी देवघेव मांडता आली असती, कारण ५.११ पासून सेकॉम्पची कायम मंजूर कॉलांसाठीची तपासणी बरीच स्वस्त झाली आहे. हा प्रस्ताव आता पुढच्या तपासणीसाठी लिहून ठेवला आहे.

फास्ट पाथच्या प्रयोगाबद्दल चमूत अजून दोन मतं आहेत. काहींना तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला नाही वाटत, मात्र त्याच्या आधी कॉलची साधी मोजणी साइटवर व्हायला हवी होती. एन्ट्री कोडमध्ये खरी सुधारणा हवी असेल तर ती मूळ लिनक्समधून घ्यायची हे मात्र सर्वांना मान्य आहे. ६.९ मध्ये टेबलातल्या अप्रत्यक्ष उडीच्या जागी स्विच आला आणि इंटेलच्या फ्रेड या कर्नलमध्ये शिरण्याच्या नव्या यंत्रणेचा आधारही त्याच आवृत्तीत आला. फ्रेडमध्ये स्टॅक आणि जीएस बदलण्याचं काम हार्डवेअर स्वतः करतं, पण त्याला नवा प्रोसेसर लागतो. पेटीची पुढची पिढी ठरवताना तो मुद्दा खरेदीच्या यादीत घातला आहे, आणि त्याच्या वर, पहिल्या ओळीत, बंद केबिनमध्ये ४५ अंशांवर एसएमआयची मोजणी करून दाखवा, अशी पुरवठादारासाठी अट आहे.